ठेवणीतल्या साड्या

बजेटच्या दिवशी आमच्या घरी दरवर्षी भांडण होतं. आमचे हे आयुष्यभर कोषागारात कारकून होते. निवृत्त होऊन इतके दिवस झाले, पण टीव्हीवर आकडे सुरू झाले की अजूनही आवाज वाढवतात. "ऐकलं काय? लेकरांच्या योजनेले पैसे वाढवले," असं ते हॉलमधून ओरडतात. मी स्वयंपाकघरातून म्हणते, "वाढवले त गेले कुठी? माह्या लेकरांच्या वाटीत त काही पडले नाही!" मग ते मला समजावतात की रक्कम वाढली तरी सगळ्या खर्चातला वाटा कमी होऊ शकतो, भाव वाढले की तोच पैसा लहान होतो, आणि बजेटमध्ये लिहिलेला पैसा खालपर्यंत पोचेलच असं नाही. मला हे सगळं कळतं. मला ते त्यांच्याआधी कळलं होतं, कारण मी दुधाच्या पातेल्यात पाहत होते.

माझी लेकरं म्हणजे पाळणाघरातली. मनीषनगरच्या पुढे, बेसा रोडच्या बाजूला आता जिकडे पाहावं तिकडे फ्लॅट स्कीमा उभ्या आहेत. त्या बांधायला आलेल्या बायांची एक वस्ती तिथं आहे, आणि त्या वस्तीतल्या समाजभवनाच्या एका खोलीत सरकारी पैशावर चालणारं पाळणाघर होतं. मी तिथली सेविका. सोबत एक मदतनीस मावशी, वयानं माझ्याहून मोठी, नवरा लवकर गेलेली, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. बाया सकाळी डबा बांधून कामावर जाताना लेकरू आमच्याकडे टाकायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. लोक विचारत, "अंगणवाडी आहे ना तिथं, मग हे कशाला?" अहो, अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या लेकरांना बसवते आणि दुपारी घरी पाठवते. दोन वर्षांच्या लेकरानं कुठं जायचं? आणि दुपारी घरी आलेल्या लेकराला कुलूप कोण उघडून देणार?

सुरुवातीचे दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू. दूध यायचं, डाळ-तांदूळ यायचे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आम्ही तिथंच वळायचो. महिन्याला डॉक्टर येऊन लेकरांच्या छातीला नळी लावून जायचे. मग आधी दूध गेलं. कोणी बंद केलं असं नाही, बरं का. "पुढच्या हप्त्यात येईल," असं म्हणता म्हणता ते गेलं. मग डॉक्टर गेले. आमचं मानधन सणाला मिळायचं ते सण होऊन गेल्यावर मिळू लागलं. त्यानंतर नियम बदलला. दिल्लीनं एवढा वाटा द्यायचा, राज्यानं एवढा, आणि उरलेला पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेनं. आमची संस्था म्हणजे चार पेन्शनर माणसं, वर्गणी मागून मागून ज्यांच्या चपला झिजल्या होत्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर तीन घरं झाली.

त्याच काळात भिंत रंगवायला मात्र पैसा आला. खाऊचा नाही, भिंतीचाच. पेंटर आला आणि त्यानं गाजर काढलं, अंडं काढलं, पांढऱ्याशुभ्र दुधाचा भरलेला पेला काढला. चित्र छान होतं. एक पोरगं रोज त्या पेल्यावर हात ठेवून "दूदू, दूदू" करायचं, आणि मावशी त्याला तिथून उचलून आणताना त्या भिंतीला अशा शिव्या द्यायची की मला दार लावून घ्यावं लागे.

या सगळ्यात एक पोरगी होती. तिचे आईबाप रामटेककडचे, धानाचं थोडं शेत भावकीकडे ठेवून कामाला इकडे आले होते. आई घमेलं उचलायची, बाप सेंट्रिंगच्या कामाला. पोरगी तेव्हा तिसरीत, आणि तिला शाळेचं असं वेड की रविवारी तिचं तोंड फुगलेलं असायचं. शाळा बंद काहून ठेवतात, हा तिचा मुख्य राग. तिच्या पाठीवर एक भाऊ झाला, आणि तो झाला त्याच महिन्यात तिची आई माझ्याकडे येऊन सांगून गेली, "बाई, आता पोरीले घरी ठेवाव लागते. मी कामावर नाही गेली त भागत नाही."

मी तिच्यावर अशी ओरडले की आतली दोन लेकरं जागी झाली. "घरी ठेवाव लागते म्हणे! ते लेकरू आण इकडं. आमच्या नियमात बसत नाही अजून, पण आण. मी पाहते त्याले, मावशी पाहीन. पण पोरीले शाळेतून काढलं त तू आहे आणि मी आहे!"

ती हसली आणि दुसऱ्या दिवशी लेकरू घेऊन आली. तेव्हापासून रोज सकाळी ती पोरगी भावाला कडेवर घेऊन यायची, माझ्या मांडीवर द्यायची, आणि दप्तर सावरत जी पळायची ती मागं वळून पाहायचीही नाही. शाळा सुटली की आमच्याकडेच येऊन बसायची आणि वर्गात कोणी कोणाचा पेन्सिलीचा तुकडा चोरला इथपर्यंतची खबर मावशीला द्यायची. आमची खोली उघडी होती म्हणून तिची शाळा सुरू होती. हे मला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं. वरच्यांना ते कोण सांगणार होतं?

मग एक दिवस निरोप आला, जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार. आमच्या ह्यांनी जुन्या ऑफिसातून खबर काढली. "पैसा कमी झाला आहे. काही पाळणाघरं बंद करतीन, काही ठेवतीन. कोणतं ठेवाव ते पाहून ठरवतीन म्हणते." मी वस्तीत सगळ्यांना सांगितलं, साहेबांवर सगळं आहे आता.

इथं एक आधीची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी एकदा अशीच एक पाहणी झाली होती, न सांगता. दोन लेकरांची नाकं वाहत होती, एकानं चड्डी ओली केली होती, आणि त्या बाईसाहेब नाकाला रुमाल लावून आम्हाला चांगलं झापून गेल्या होत्या. "सरकारचा पैसा खाता आणि लेकरं अशी ठेवता?" मावशी त्यानंतर आठ दिवस जेवताना तेच बोलत होती. त्यामुळे या वेळी तिनंच वस्तीतल्या बायांची सभा घेतली. "पाहुणे येऊन राहिले वं. आपले लेकरं नीट दिसले पाहिजे. आपण नीट दिसलो पाहिजे. त्याईले वाटलं पाहिजे का पैसा वाया नाही गेला."

आणि बायांनी ते इतकं मनावर घेतलं, बाप्पा! अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून सगळ्या थांबल्या. कोणी लग्नातली साडी काढली, कोणी नणंदेची मागून आणली. एक बाई ज्या फ्लॅटमध्ये भांडी घासायची तिथल्या मॅडमकडून पोरीसाठी झालरीचा फ्रॉक उसना घेऊन आली. लेकरांना तेल, पावडर, काजळ, गालावर तीट. दारात रांगोळी. कोणाच्या तरी घरून पोहे आणि वर तर्री. त्या पोरीच्या आईनं भाऊबीजेला भावानं दिलेली हिरवी, काठाची साडी नेसली होती. एरवी डोक्यावर टॉवेल बांधून सिमेंटमध्ये असणारी ती बाई, त्या दिवशी मी तिला ओळखलंच नाही. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा असं सगळं घर, म्हणजे आमची ती खोली, सजली होती. मलाही अभिमान वाटला. का नाही वाटणार? माझी लेकरं गोजिरवाणी दिसत होती.

साहेब आले. तरणा माणूस, मऊ बोलणारा. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर बसला, एक लेकरू मांडीवर घेतलं. तर्रीनं नाकातून पाणी आलं तरी पोहे संपवले. मला तो आवडला, अजूनही म्हणते. मग त्यानं बायांना विचारायला सुरुवात केली. घर कसं आहे, काम मिळतं का, काही अडचण आहे का?

आता सांगा, दारात रांगोळी काढून, पाहुण्याच्या हातात पोह्यांची प्लेट देऊन, कोणती बाई म्हणेल की आमच्या घरी अडचण आहे? आमच्याकडे पाहुण्यासमोर रडगाणं गात नाहीत. घरात मीठ नसलं तरी "सगळं आहे, तुम्ही जेवा" असंच म्हणतात. एकेक बाई पदर सावरून म्हणू लागली, "नाही साहेब, सगळं बरं आहे. देवाच्या दयेनं काही कमी नाही." मी मागं उभी राहून डोळे वटारत होते. त्यांना वाटलं, बाई कौतुकानं पाहून राहिल्या.

साहेबांनी त्या पोरीच्या आईला विचारलं, "समजा हे पाळणाघर नसतं, तर बाळाला कुठं ठेवलं असतं तुम्ही?"

ती हसली. शाळेतून तेवढ्यात आलेली पोरगी तिच्या शेजारी उभी होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "ठेवलं असतं जी घरीच. हे पोरगी आहे न माही. मोठी गुणाची आहे. लेकरू सांभाळते, भात मांडते, सगळं करते."

पोरगी लाजली. साहेब म्हणाले, "अरे वा, शाब्बास!" आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मी मध्ये तोंड घातलं, "साहेब, ती शाळेत जाते, तिसरीत आहे, हुशार आहे." "हो हो, दिसतंच आहे," म्हणाले आणि पुढच्या बाईकडे वळले.

जाताना ते मला म्हणाले, "इतकं चांगलं केंद्र मी पाहिलं नाही. या बाया किती पुढं आल्या आहेत!" मावशीनं त्या आनंदात उरलेले पोहे सगळ्या वस्तीत वाटले.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. पुढच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन कौतुक केलं आणि मग म्हणाले की ज्या ठिकाणी गरज जास्त तिथं पैसा आधी द्यावा लागेल, तुमच्या वस्तीतली कुटुंबं आता बरीच सावरली आहेत, जवळ अंगणवाडी आहे, घरी सांभाळायलाही माणसं आहेत. तुमचं केंद्र मार्चनंतर चालू ठेवता येणार नाही.

मी उभी राहिले. "साहेब, ती साडी भाऊबीजेची होती. तो फ्रॉक उसना होता. घरी सांभाळायला माणूस नाही, पोरगी आहे आठ वर्षांची."

साहेबांचा चेहरा पडला. खरंच पडला. "मग ताई, त्या दिवशी सांगायचं होतं. आम्ही जे दिसतं आणि लोक जे सांगतात, तेच लिहितो. आणि कुठलं तरी केंद्र बंद करावंच लागणार आहे." मी खाली बसले तर शेजारची दुसऱ्या पाळणाघराची सेविका माझा हात दाबून कानात म्हणाली, "आमचे लेकरं त्या दिवशी मातीत लोळत होते. आमचंही बंद केलं. नीट चालवत नाही म्हणे." इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय! मी घरी येऊन हे ह्यांना सांगितलं, तर त्यांनी टीव्ही बंद केला. नंतर म्हणाले, "कमी करायचं ठरलं असलं का कारण सापडतेच. लेकरांच्या खर्चाच्या हेडवर कात्री चालवली त ऑफिसात कोणी ओरडाले येत नाही." आकड्यांवर माझ्याशी भांडणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला जास्तच रडू आलं.

वस्तीत सांगायला गेले तेव्हा मी त्या पोरीच्या आईवर चिडले. "काहून म्हटलं वं तू असं? काहून म्हटलं का पोरगी सांभाळते?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मंग काय पाहुण्यापुढं रडाव होतं काय, बाई? त्याईनं लेकराचं विचारलं, पोरगी बाजूलेच उभी होती. मी पोरीचं चांगलंच सांगीन न."

मी तिच्या दारात बसून तिच्यासोबत रडले.

हिवाळी अधिवेशनात आम्ही सगळ्या सेविका मोर्चा घेऊन गेलो. अधिवेशन आमच्या गावात भरतं, तेव्हा एवढी तरी सोय आहे की ओरडायला मुंबईला जावं लागत नाही. पोलिसांनी दोरी लावून अडवलं, आमच्यातल्या काही जणींना आत नेलं, निवेदन घेतलं, चहा दिला. मार्चअखेर एक टेम्पो आला आणि सतरंज्या, पाळणे, वजनकाटा सगळं घेऊन गेला. भिंत तेवढी नेता येत नव्हती म्हणून राहिली.

मी माझ्या घरी दोन लेकरं आणली थोडे दिवस. पण वस्ती आणि माझं घर यात अंतर आहे, आणि त्याच उन्हाळ्यात ह्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखाना, ऑपरेशन, पुन्हा दवाखाना. मी दोन्हीकडे पुरी पडले नाही. मावशी रामटेकला भाच्याकडे निघून गेली. त्या पोरीनं शाळा सोडली हे मला शाळेच्या बाईंनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. त्या तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. "येते म्हणते, पण येत नाही. भाऊ लहान आहे म्हणते." मी हातातली भाजीची पिशवी तिथंच खाली ठेवली.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, तो भाऊ तीन वर्षांचा होऊ दे. तीनचा झाला की अंगणवाडीत जाईल, मग पोरगी सुटेल. ह्यांची तब्येत सावरली, दिवस गेले, आणि यंदा जूनमध्ये मी शाळेच्या बाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, "आणा तिला. वयानुसार वर्गात बसवू, मागचं मी भरून काढते." मला इतका आनंद झाला की मी तशीच ऑटो करून वस्तीत गेले.

दुपारची वेळ. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, वर टीन तापलेलं, आत पंखा घरघरत होता. पोरगी जमिनीवर बसली होती. एक लेकरू मांडीवर, एक पाठीला लोंबकळत होतं, दोन जमिनीवर ताटली वाजवत होती. मी म्हटलं, "तुहा भाऊ कुठी आहे?"

"तो अंगणवाडीत गेला न. आता येईन एवढ्यात." तिनं मला ओळखलं, उठायला गेली, मांडीवरच्याला घेऊनच उठली. केवढी वाळली होती. "बसा न, बाई."

"आणि हे कोणाचे?"

तिनं एकेकाच्या आईचं सांगितलं. ही सेंट्रिंगवालीची, हा गिट्टीवालीचा, हे दोघं त्या कोपऱ्यातल्या घरचे. "सगळ्या माह्याचजवळ ठेवून जातेत. मले सांभाळता येते न. ही लई रडते, तिले खांद्यावर घ्याव लागते. हा माती खाते." ती हे सगळं अगदी शहाण्यासारखं सांगत होती. आमचं पाळणाघर बंद झालंच नव्हतं. ते या पोरीच्या अंगावर टाकलं होतं. दूध तिथंही नव्हतं, डॉक्टर तिथंही नव्हते, आणि तिकडे कोणत्या तरी फायलीत मात्र खर्च वाचला होता. मेल्यांनो, एवढंच वाचवायचं होतं तुम्हाला?

मी तिला शाळेचं सांगितलं. बाई वाट पाहताहेत म्हटलं, उद्याच चल म्हटलं.

तिचा चेहरा क्षणभर असा उजळला की बस. मग तिनं खाली पाहिलं. "मी गेली त हे लेकरं कुठी जातीन, बाई?"

मी तिच्या पाठीला लोंबकळणारं लेकरू सोडवून माझ्या मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं खांद्यावरचं रडकं लेकरू झोपलं, ते तिनं खाली ठेवलं, आणि अगदी हळू विचारलं, "तुमी बसान काय जराशा? मी झोपू?"

"झोप माय, झोप," मी म्हटलं. "मी आहे."

ती तिथंच सतरंजीवर, लेकरांच्या मध्ये आडवी झाली. पाठ टेकली आणि झोपली, तोंड उघडं, हात मुठीत. एक रांगत आलं आणि तिच्या पोटावर डोकं ठेवून तेही झोपलं. तिला जाग आली नाही. अंगणवाडीतून भाऊ आला, त्याला मी बोटानं गप्प केलं. भात होता तो भरवला. दिवस कलला तरी ती हलली नाही.

संध्याकाळी पहिली बाई लेकरू न्यायला आली, डोक्याला टॉवेल, अंगभर सिमेंट. दारातून तिनं मला पाहिलं, मग खोलीभर पाहिलं, एकदा, दोनदा. सतरंजीवर लेकरं झोपली होती. "बाई, तुमी? अन् आमची सांभाळणारी पोरगी कुठी गेली जी?" ती घाबरून म्हणाली. "लेकरं टाकून कुठी गेली?"

"इथंच आहे," मी म्हटलं. "त्या लेकरांमध्येच पाह्य."